‘कबूल म्हणा आणि मोकळे व्हा’ : मराठवाड्यातील वकील मित्रांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या तालुका न्यायालयांत वकिली करणारे माझे सर्व विद्वान मित्र यांस,

विषय : दारू पिऊन वाहन चालवल्याच्या खटल्यांत आपण पक्षकाराला देत असलेला सल्ला.

सप्रेम नमस्कार.

गेली सव्वीस वर्षे मी जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामे चालवतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ ची प्रकरणे बोर्डावर लागली की आपल्या बार रूममध्ये त्यांना कोणी प्रकरण समजतच नाही, हे आपणही पाहिले असेल. पक्षकार समन्स घेऊन येतो, आपण विचारतो, ‘पिला होतास का?’ तो मान खाली घालतो आणि आपण सांगतो, ‘मग कबूल म्हण आणि मोकळा हो.’ चहा यायच्या आत काम आटोपते. लोकअदालतीच्या सुमारास तर अशा कबुल्यांचे गठ्ठेच निघतात. हे पत्र पोलीस अधीक्षकांना लिहावे असे आधी मनात होते, कारण त्यांच्याकडूनही चुका होतात आणि त्या पुढे सांगणारच आहे. परंतु त्या चुका ज्यांनी न्यायालयासमोर आणायच्या ते आपण, आणि आपणच कागद उघडून पाहत नाही, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहीत आहे. पहिला दोष माझा आहे, तो आधी सांगतो.

चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक पिकअप चालक माझ्याकडे आला. मोसंबीचे कॅरेट जालन्याच्या मार्केटला उतरवून परतताना रात्री त्याला नाकाबंदीत अडवले होते. दुपारी साडूच्या शेतावर थोडी घेतली होती, हे त्याने न विचारताच सांगितले. गाडी मालकाची होती, ती ठाण्याच्या आवारात उभी होती आणि मालकाचा तासातासाला फोन येत होता. मी कागद मागितले नाहीत, मिळालेले दोषारोपपत्रही नीट उलगडून पाहिले नाही. त्याला उभे केले, साहेबांनी विचारले, तो ‘कबूल आहे’ म्हणाला, दहा हजार रुपये दंड झाला आणि सहा महिन्यांसाठी वाहन चालवण्यास तो अपात्र ठरला. माझी फी त्याने दोन हप्त्यांत दिली. गाडीवरचे काम सुटले आणि त्या हंगामात तो बायकोसह कोयता घेऊन ऊसतोडीला गेला.

दीड वर्षाने तो पुन्हा आला. एका ठिकाणी चालकाची नोकरी मिळत होती, पण चारित्र्य पडताळणीत ही शिक्षा आडवी आली होती. अपील करता येईल का, एवढेच त्याला विचारायचे होते. मी तेव्हा पहिल्यांदा संपूर्ण प्रकरणाची नक्कल काढली आणि अस्सल कागदही पाहिले. श्वासातील मद्य मोजणाऱ्या मशीनची पावती एका कोऱ्या कागदावर चिकटवलेली होती. उष्णतेवर छापणाऱ्या कागदावरची अक्षरे दीड वर्षात उडत आली होती, आकडा खिडकीच्या उजेडाकडे धरून वाचावा लागला. आकडा ३४. वेळ रात्रीचे १० वाजून ५२ मिनिटे. नावाच्या रकान्यात काही नाही. फुंक एकदाच घेतलेली. ठाण्यात नेल्यावर त्याला पुन्हा चाचणीची संधी दिल्याची नोंद कुठेही नाही. त्यामागे ग्रामीण रुग्णालयाचा छापील फॉर्म, त्यावर डॉक्टरांनी निळ्या शाईत लिहिले होते की तोंडाला मद्याचा वास आहे, चाल स्थिर आहे, बोलणे स्पष्ट आहे, बाहुल्या नॉर्मल आहेत. मद्य सेवन केले आहे, परंतु अमलाखाली नाही. तपासणीची वेळ रात्री २ वाजून १० मिनिटे. रक्त घेतलेले नव्हते.

हा माणूस सुटलाच असता, असे मी म्हणत नाही. कलम १८५ च्या पहिल्या खंडाला चाल किती स्थिर होती याच्याशी कर्तव्य नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य चाचणीत आढळले की गुन्हा पुरा होतो, त्यामुळे ‘अमलाखाली नाही’ हे डॉक्टरांचे मत एकट्याने पुरेसे उत्तर नव्हे. पण मग सरकारी पक्षाची सगळी इमारत त्या ३४ या एका आकड्यावर उभी होती, आणि तो आकडा कोणत्या मशीनने, कोणाच्या श्वासावरून काढला हे सिद्ध करायला त्या कागदावर साधे नावदेखील नव्हते. मर्यादेच्या वर केवळ चार. एवढ्यावर उलटतपासणी करायची नाही, तर मग कशावर करायची?

आणि अपिलाचे उत्तर आपल्याला ठाऊकच आहे. गुन्हा कबूल केल्यावर दोषसिद्धीविरुद्ध अपील चालत नाही. शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे की नाही, एवढाच मुद्दा उरतो. ते मी त्याला सांगितले. तो काही बोलला नाही, नकलेचे पैसे किती झाले तेवढे विचारून गेला.

‘दहा हजारांत सुटला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या कबुलीत आणखी काय काय बांधले गेले आहे, हे पाहिले पाहिजे. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही, ही शिक्षा पाठ असते. पण कलम २० प्रमाणे कलम १८५ खाली दोषी ठरलेल्याला किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवणे न्यायालयावर बंधनकारक आहे. ज्याचे पोट स्टिअरिंगवर आहे त्याला खरी शिक्षा ही आहे. याहून जास्त दुर्लक्षित राहिलेली गोष्ट २०१९ च्या दुरुस्तीतली आहे. त्याआधी ‘दुसरा गुन्हा’ ठरण्यासाठी तो आधीच्या गुन्ह्यापासून तीन वर्षांच्या आत घडलेला असावा लागे. दुरुस्तीने ती तीन वर्षांची अट काढून टाकली. म्हणजे बाविसाव्या वर्षी आपल्या सांगण्यावरून दिलेली कबुली पन्नासाव्या वर्षीही त्या माणसाच्या मागे उभी राहील, आणि तेव्हा दोन वर्षांच्या कारावासाचे कलम लागेल.

विम्याचेही तेच. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका महागड्या गाडीच्या दाव्यात विमा कंपनीच्या बाजूने निकाल देताना म्हटले की, पॉलिसीतील ‘मद्याच्या अमलाखाली’ ही अट लागू करण्यासाठी ३० मिलिग्रॅमचा आकडा सिद्ध झालाच पाहिजे असे नाही, इतर परिस्थितीवरूनही ते ठरवता येते. शिवाय नव्या कलम १५० प्रमाणे कलम १८५ मधील मद्यपान हा विमा कंपनीला उपलब्ध असलेला बचाव झाला आहे. आपल्यापैकी जे अपघात दावा न्यायाधिकरणात अर्जदारांची कामे करतात, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. आपण फौजदारी कोर्टात अर्ध्या तासात दिलेली कबुली पुढे दुसऱ्या कोर्टात विमा कंपनी काढून दाखवते, आणि तेव्हा भरपाईसाठी ताटकळत बसते ती मेलेल्याची बायको.

एक गैरसमज पक्षकारांमध्ये तर आहेच, पण काही कनिष्ठ मित्रांमध्येही आहे, तो येथेच दूर करतो. कलम १८५ चा गुन्हा जागेवर तडजोडीने मिटवता येत नाही. कलम २०० खाली तडजोडयोग्य ठरवलेल्या गुन्ह्यांत तो नाही. रस्त्यावर कोणी ‘एवढे द्या, मिटवून टाकू’ म्हणत असेल तर ते दंडाचे पैसे नव्हेत, हे पक्षकाराला स्पष्ट सांगावे. मात्र हा गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन देण्याची तयारी असेल तर सुटका हा त्याचा हक्क आहे, ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

आता कागदांकडे येतो, कारण बचाव असेल तर तो तिथेच असतो.

गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला अशा व्यक्तीला वॉरंटशिवाय अटक करता येते, पण कलम २०२ मध्येच अट घातली आहे की अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाही तर त्याला कोठडीतून सोडावे लागेल. मराठवाड्यात या दोन तासांचा अर्थ काय होतो, हे पुण्या-मुंबईच्या वकिलांना सांगूनही कळणार नाही. नाकाबंदी हायवेवर, ठाणे अठरा किलोमीटरवर, ग्रामीण रुग्णालयात रात्री एकच वैद्यकीय अधिकारी, तोही बाळंतपणात किंवा विषबाधेच्या रुग्णापाशी अडकलेला. उपजिल्हा रुग्णालय गाठायचे तर गाडीत डिझेल टाकण्यापासून सुरुवात. अशा वेळी दोन तासांचे साडेतीन तास होतात आणि मग अटकेची वेळ ‘जुळवली’ जाते. म्हणून अटक पंचनामा, स्टेशन डायरीतील नोंद, रुग्णालयाच्या रजिस्टरमधील नोंद आणि मशीनच्या पावतीवरची वेळ हे चार कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. माझ्या पाहण्यात असे एक प्रकरण आहे की ज्यात मशीनची वेळ अटकेनंतरची होती, म्हणजे चाचणी होण्याआधीच संशयिताला चाचणीवरून अटक झालेली! दोन तास उलटले म्हणून खटला आपोआप निकाली निघतो, असा अर्थ मात्र काढू नये. कायद्याने सांगितलेला परिणाम सुटकेचा आहे. पुराव्यावर त्याचा किती परिणाम होतो, हे आपल्याला युक्तिवादाने दाखवावे लागते.

फुंकीच्या चाचणीबद्दल कलम २०३ पाहावे. तिथे ‘वाजवी संशय’ हवा, ती व्यक्ती सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवत असावी किंवा चालवण्याचा प्रयत्न करत असावी, आणि वापरलेले उपकरण केंद्र सरकारने राजपत्रातील अधिसूचनेने मान्य केलेल्या प्रकारचे असावे. ऊस हंगामात ढाब्यामागे ट्रॅक्टर उभा करून ट्रॉलीत झोपलेल्या चालकाला उठवून फुंकायला लावल्याचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांना आठवेल. झोपलेला माणूस वाहन चालवण्याचा प्रयत्न करत होता का, हा प्रश्न हास्यास्पद वाटला तरी खटल्याचा निकाल त्यावर लागू शकतो. अटक झालेल्याला ठाण्यात पुन्हा श्वासचाचणीची संधी द्यायची आहे, हेही त्याच कलमात आहे आणि ते सर्वांत कमी पाळले जाते.

मशीन रक्त मोजत नाही, हे न्यायालयाला समजावून सांगण्याची वेळ येते तेव्हा आपली बोलती बंद होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मशीन फुप्फुसातून आलेल्या हवेतील मद्य मोजते आणि २१०० मिलिलिटर श्वासात जेवढे मद्य तेवढेच १ मिलिलिटर रक्तात, असे सरासरी प्रमाण धरून आकडा दाखवते. प्रत्येक माणसाचे प्रमाण नेमके तेवढेच असते असे नाही. तोंडात नुकतेच गेलेले मद्य, मग ते पेल्यातले असो, माउथवॉशमधले असो किंवा होमिओपॅथीच्या थेंबांतले, काही मिनिटे तोंडातच राहते आणि फुप्फुसातील हवेच्या आधी तेच मशीनला लागते. म्हणून चाचणीपूर्वी पंधरा-वीस मिनिटे थांबणे, त्या वेळात काही खाऊ-पिऊ न देणे, प्रत्येकाला नवी नळी देणे, आधी कोरी चाचणी घेऊन शून्य दाखवणे आणि शक्यतो दोनदा वाचन घेणे, ही काळजी घ्यावी लागते. मशीन कधी कॅलिब्रेट केले, म्हणजे प्रमाणित मापाशी ताडून पाहिले, त्याचे प्रमाणपत्र मागावे. पावती संगणकीय नोंद म्हणून दाखल केली असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र आहे का, ते पाहावे. आणि पावती हातात येताच तिची झेरॉक्स काढावी. माझ्या प्रकरणातील ३४ हा आकडा आणखी एका उन्हाळ्यात पूर्ण उडाला असता.

रक्ताच्या नमुन्यात मात्र आपल्या हवामानाचाच थेट संबंध येतो. रक्त घेताना स्पिरिटचा बोळा फिरवला तर तेच मद्य नमुन्यात मिसळण्याचा धोका असतो, म्हणून दारूबंदी कायद्याखालील १९५९ च्या रक्तचाचणीच्या नियमांपासूनच त्वचेला मद्य लावायचे नाही, ही शिस्त चालत आली आहे. रक्त ज्या कुपीत ठेवायचे तिच्यात सोडियम फ्लोराइड हवे आणि रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियम ऑक्झलेट. फ्लोराइड नसेल किंवा कमी असेल तर कुपीत शिरलेले जंतू रक्तातील साखर आंबवून स्वतःच मद्य तयार करू शकतात. परभणीचा मे महिना आपल्याला माहीत आहे. ठाण्याच्या पत्र्याखालच्या खोलीत, मुद्देमालाच्या कपाटात, सीलबंद पण फ्रिजबाहेर चार दिवस पडलेली कुपी पुढे छत्रपती संभाजीनगरच्या किंवा नांदेडच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोहोचते, आणि तिथून आलेला ‘सी.ए. रिपोर्ट’, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, आपण डोळे मिटून मान्य करतो. रासायनिक विश्लेषकाला साक्षीला न बोलावता अहवाल पुराव्यात वाचता येतो, हे खरे; पण त्याला बोलावण्याचा अर्ज करता येतो, हेही तितकेच खरे. कुपीवरचे लेबल, सीलचा ठसा, घेऊन जाणाऱ्या शिपायाचे नाव, कोणत्या तारखेला घेतली आणि कोणत्या तारखेला पोहोचली, ही साखळी अहवालाच्या पहिल्याच पानावर तपासता येते. आरोपी महिला असेल आणि डॉक्टर पुरुष असतील तर रक्त दुसऱ्या महिलेच्या उपस्थितीतच घ्यावे लागते, ते पाळले का, हेही पाहावे.

उशिराबद्दल एक सावधगिरी. शरीर साधारणपणे दर १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास मद्य कमी करते, त्यामुळे उशिरा घेतलेल्या रक्ताचा आकडा बहुधा कमीच येतो आणि पोलीस त्यावरून मागचा आकडा मोठा होता असे सुचवतात. पण शेवटचा पेला नुकताच झाला असेल तर मद्य अजून रक्तात मिसळत असते आणि आकडा चढता असतो. दोन्ही बाजूंनी हे चालते. आपल्या पक्षकाराने शेवटचे कधी आणि काय घेतले, पोटात जेवण होते का, हे विचारल्याशिवाय यावर बोलू नये, नाहीतर आपणच सरकारी पक्षाचे काम करून बसतो.

ज्या खटल्यांत ना फुंक आहे ना रक्त, केवळ डॉक्टरांचे निरीक्षण आहे, तिथे सर्वोच्च न्यायालयाचा १९७१ चा महाराष्ट्रातील खटल्यावरचा निर्णय अजूनही उपयोगी पडतो. तोंडाला वास, डळमळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यप्राशन सिद्ध झाले असे म्हणता येत नाही, असे न्यायालयाने तिथे सांगितले. तो निर्णय दारूबंदी कायद्यातला आहे, हे न लपवता तो वाचून दाखवावा.

काही गोष्टी बचाव म्हणून चालवल्या जातात, पण त्या बचाव नाहीत. रात्री फोन आला की आपल्यापैकी काही जण सांगतात, ‘फुंकूच नको, सही करू नको.’ हा सल्ला पक्षकाराला बुडवतो. चाचणीला नकार दिला आणि मद्याचा वाजवी संशय असला तर त्याच कारणाने अटक करता येते, आणि कलम २०५ प्रमाणे योग्य कारणाविना दिलेला नकार सरकारी पुराव्याला बळ देणारी परिस्थिती म्हणून गृहीत धरता येतो. दम्याचा आजार असेल, छातीवर मार लागला असेल, तर ते कारण तिथल्या तिथे सांगून नोंदवून घ्यावे, एवढाच सल्ला योग्य आहे. दुसरा प्रकार त्याहून वाईट. शेजारी बसलेल्याला चालक म्हणून पुढे करणे, मागाहून औषधाची चिठ्ठी तयार करणे, डॉक्टरांना गाठणे. पुण्यात १९ मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाच अटक झाली, हे सगळ्या राज्याने पाहिले. तशा कामात वकील कोठे उभा असतो, हे मला येथे लिहायची गरज वाटत नाही.

यावर काही मित्र म्हणतील की, म्हणजे तुम्ही दारुड्यांना सोडवण्याची युक्ती सांगत आहात. मला हा आक्षेप मनापासून मान्य नाही. मी अपघाताचे दावेही चालवतो. धुळे-सोलापूर मार्गावर पहाटे ऊसतोड मजुरांच्या ट्रॅक्टरला मागून आलेल्या गाडीने उडवले, त्या प्रकरणात चालक प्यायलेला होता असे जमलेले सगळे सांगत होते, आणि कागदोपत्री काय मिळाले? एकही कुपी नाही, एकही पावती नाही, डॉक्टरांचा एका ओळीचा शेरा. तिथे मी मृताच्या बायकोच्या बाजूने उभा होतो आणि माझ्या हातात काही नव्हते. पोलिसांनी काम नीट केले नाही याचा फायदा निर्दोष माणसाला होतोच असे नाही, पण ज्याच्याकडे पैसा आणि चांगला वकील आहे त्या दोषी माणसाला मात्र हमखास होतो. मुंबईत २००६ साली कार्टर रोडवर फूटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले. त्या प्रकरणात रक्ताचा नमुना घेतलेला होता, त्यात मद्य सापडले होते, आणि सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. रस्त्याकडेला झोपणारे मजूर आपल्या बीडमधूनही दरवर्षी निघतात. कलम १८५ च्या साध्या खटल्यात आपण दर वेळी मशीनचे प्रमाणपत्र, सीलचा ठसा आणि दोन तासांचा हिशेब मागू लागलो, तर ठाण्यातही ते काम त्याच शिस्तीने होऊ लागेल, आणि मग माणूस मेलेल्या प्रकरणात तोच कागद उपयोगी पडेल.

ज्याने खरोखर पिऊन गाडी चालवली आहे आणि ज्याचे कागद स्वच्छ आहेत, त्याला कबुलीचा सल्ला देण्यास माझी हरकत नाही. तो सल्ला कागद वाचून द्यावा, परवाना जाणार आहे हे आधी सांगून द्यावा, आणि ही नोंद आयुष्यभर राहणार आहे हेही सांगावे. गाडी सोडवण्याच्या घाईत कबुली देऊ नये. गाडीची तात्पुरती व्यवस्था करणे हे अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे काम आहे, न प्यालेल्या परवानाधारकाकडे किंवा मालकाकडे ती देता येते, आणि जप्त झालीच तर सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागताच हजर करण्याच्या लेखी हमीवर, सोडवण्याचा अर्ज त्याच दिवशी करता येतो. ठाण्याच्या आवारात वाहने गंजत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे. परवाना जमा करून घेतला असेल तर त्याची पोच मागावी.

आता विनंती, आणि ती प्रत्येक तालुका वकील संघाच्या अध्यक्षांना आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पोळ्याला, होळी-धुळवडीला आणि लग्नसराईत नाकाबंद्या वाढतात. त्या दिवसांसाठी दोन-तीन वकिलांची नावे आणि फोन क्रमांक ठाण्याच्या भिंतीवर लावण्याची परवानगी मागावी. कोठडीत असलेली व्यक्ती मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहे, तिला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील मित्रांनी हे ठाणे अंमलदारांना नम्रपणे पुन्हा पुन्हा सांगावे. अटकेची कारणे सांगितली का, घरच्या कोणाला कळवले का, एवढे दोन प्रश्न विचारायला वकील रात्री तिथे पोहोचला तरी पुष्कळ फरक पडतो.

कागद मागण्याच्या अर्जाचा एक पानी मसुदा मी तयार केला आहे. मशीनचा क्रमांक आणि कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, मूळ पावती, स्टेशन डायरीचा उतारा, रुग्णालयाच्या रजिस्टरचा उतारा, कुपीची रवानगी आणि पोच, एवढे त्यात आहे. आमच्या बार रूमच्या कपाटात वरच्या कप्प्यात त्याच्या प्रती ठेवल्या आहेत, कोणीही घ्याव्यात. मसुद्यातील नवीन नागरिक सुरक्षा संहितेची, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याची, कलमे मी दोनदा तपासली आहेत, तरी आपणही ताडून पाहावीत; जुनी संहिता माझ्या हाताला इतकी बसली आहे की पहिल्या प्रतीत मी दोन ठिकाणी जुनेच क्रमांक टाकले होते.

आपला स्नेहांकित,
जालना जिल्ह्यातील एक तालुका वकील